‘थंड पाण्यात, झटपट’: लीड्सचा एक पेपर आणि आपली बादली



पेट किंवा नेट झाली की मुलाखतीच्या तयारीत एक सूचना हमखास मिळते: एखादा पेपर चिकित्सक नजरेने वाचून या. बहुतेक जण मग सारांश पाठ करून जातात. उद्देश काय, नमुना किती, निष्कर्ष काय. समितीतल्या कुणी ‘बरं, यावर तुमचं मत काय?’ असं विचारलं की गाडी अडते. म्हणून आज एक पेपर तुमच्यासमोर बसून वाचते. विषय मुद्दाम असा घेतलाय की त्यातलं तुम्हाला आधीपासूनच कळतं: कपडे कसे धुवावेत म्हणजे जास्त टिकतील. घरात कुणी ना कुणी हे रोज करतं, वसतिगृहात तर आपण स्वतःच करतो. ज्या कामात आपले हात ओले झालेत तिथे जड शब्दांना आपण दबत नाही, आणि पेपर काय सांगतोय, काय सांगत नाहीये हे लवकर दिसतं. माझं स्वतःचं काम रोजच्या वापरातल्या सुती कापडाच्या झिजेवर आहे, त्यामुळे मी या विषयात अगदी तटस्थ आहे असा आव आणत नाही.

पेपर २०२० सालचा, ‘डाइज अँड पिगमेंट्स’ या नियतकालिकातला. लेखक चार: ल्यूसी कॉटन, अ‍ॅडम हेवर्ड, नील लँट आणि रिचर्ड ब्लॅकबर्न. (कापडावर संशोधन करणाऱ्या बाईंचं आडनाव कॉटन, हा निव्वळ योगायोग.) काम इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाचं, आणि सोबत साबण-डिटर्जंट बनवणारी प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी. शीर्षकाचा आशय असा की थंड आणि कमी वेळाच्या धुण्याने कपड्याचं आयुष्य वाढतं आणि सूक्ष्म तंतूही कमी सुटतात.

मुख्य प्रयोग समजायला सोपा आहे. घरगुती वॉशिंग मशीन. एकीकडे ४० अंश सेल्सियस आणि ८५ मिनिटं, दुसरीकडे २५ अंश आणि ३० मिनिटं. बारा गडद रंगांचे आणि आठ भडक रंगांचे टी-शर्ट, आणि एकाचा रंग दुसऱ्याला किती लागतो हे पाहायला सोबत न रंगवलेल्या पांढऱ्या कापडाचे तुकडे. बाजारात मिळणाऱ्या एरियलच्या पॉड्स. सोळा वेळा धुणं. थंड-झटपट बाजूला रंग कमी गेला, पांढऱ्या तुकड्यांवर कमी चढला आणि तंतू कमी सुटले.

आधी चांगलं काय ते सांगते, कारण चिकित्सा म्हणजे फक्त खोड्या काढणं असा आपल्याकडे समज आहे. प्रयोगशाळेतल्या छोट्या भांड्यात चिंधी हलवण्याऐवजी खरं मशीन, खरे टी-शर्ट, दुकानातलं डिटर्जंट घेतलंय. एकदा धुऊन थांबले नाहीत. आणि कपड्यातून गेलेला रंग मोजलाच, पण तो दुसऱ्या कपड्यावर जाऊन बसतो का हेही मोजलं. घरात पांढरा शर्ट गुलाबी झाला की आरडाओरडा होतो ना, तो इथे आकड्यात आलाय. हे सगळं जमेचं.

आता एक काम करा. कागदावर चार चौकटी काढा. वर ‘कमी वेळ’ आणि ‘जास्त वेळ’, डावीकडे ‘थंड’ आणि ‘गरम’. टी-शर्टांची मुख्य तुलना या तक्त्यात बसवून बघा. ‘थंड, कमी वेळ’ भरलं. ‘गरम, जास्त वेळ’ भरलं. उरलेल्या दोन चौकटी रिकाम्या. म्हणजे तापमान आणि वेळ हे दोन स्वतंत्र चल एकाच वेळी बदललेत. रंग कमी गेला तो पाणी थंड होतं म्हणून, की कपडा ५५ मिनिटं कमी घुसळला गेला म्हणून, हे या तुलनेतून वेगळं काढता येत नाही. पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात याला चलांची सरमिसळ म्हणतात आणि परीक्षेत पाच गुणांना विचारतात.

लेखकांवर हा थेट आरोप होत नाही हे लक्षात घ्या. त्यांचा प्रश्न ‘मशीनवरचं हे बटण दाबू की ते?’ असा आहे. बटण दाबल्यावर तापमान आणि वेळ दोन्ही एकत्रच बदलतात. त्या प्रश्नाला हा आराखडा बरोबर आहे. गडबड पुढे होते, म्हणजे पेपरची बातमी होते आणि बातमीत ‘थंड पाण्यात धुवा, कपडे टिकतील’ एवढंच उरतं तेव्हा. मग ते वाक्य आपल्या मराठी पुरवण्यांतल्या ‘घरगुती टिप्स’मध्ये येतं. आणि मग कुणीतरी ते आपल्या सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर टाकतं.

आता स्वतःच्या मोरीत या. आपल्याकडे बहुसंख्य घरांत आजही वॉशिंग मशीन नाही, आणि ज्या घरात आहे तिथेही बरेचदा पाणी नळाचंच, न तापवलेलं. महाराष्ट्रात वर्षातला बराच काळ नळाच्या पाण्याचं तापमान त्या २५ अंशांच्या आसपासच असतं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी तर विचारूच नका. तेव्हा ‘थंड पाणी वापरा’ हा सल्ला आपल्याला देणं म्हणजे पोहणाऱ्याला ओलं व्हायला सांगणं.

पण वेळ? आपण कपडे भिजत घालतो. सकाळी पावडरच्या पाण्यात टाकले, दुपारी धुतले. काही घरांत रात्रभर. म्हणजे आपलं धुणं बसतं ‘थंड, जास्त वेळ’ या चौकटीत, आणि नेमकी तीच चौकट रिकामी आहे! डिटर्जंटचं काम मळ सोडवून पाण्यात धरून ठेवणं. कापडावर नीट न बसलेला रंगही ते तसाच सोडवतं आणि धरून ठेवतं. त्याला जितका वेळ द्याल तितकी संधी जास्त. मात्र बादलीत कपडा निवांत पडलेला असतो, मशीनसारखा आपटत नाही, म्हणून मशीनच्या ८५ मिनिटांचा आकडा बादलीच्या आठ तासांना लावता येत नाही. एका बाजूने नुकसान वाढत असेल, दुसऱ्या बाजूने कमी होत असेल. बेरीज काय येते ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

इथे थोडं थांबते, कारण या जागी मला तुमच्याशी भांडायचंय. आपल्या सिनॉप्सिसमध्ये ‘संशोधनातील उणीव’ या मथळ्याखाली काय असतं? ‘सदर विषयावर अमुक जिल्ह्यात संशोधन झालेले नाही.’ जिल्हा बदलला की उणीव तयार. परदेशी पेपर घ्यायचा, लीड्सच्या जागी लातूर टाकायचं. अशी उणीव समिती दोन मिनिटांत उडवते, आणि ते योग्यच आहे, कारण टी-शर्टला आपण लातुरात आहोत हे कळत नसतं. जागा बदलल्याने काही घडणारी प्रक्रिया बदलते का, हे दाखवावं लागतं. बादलीच्या बाबतीत ती खरोखर बदलते. वेळ वेगळा, घुसळण वेगळी, पाण्याचं प्रमाण वेगळं, आणि झीज करणारं मुख्य हत्यार तर पूर्णच वेगळं: ब्रश.

पाण्याच्या प्रमाणावरून आठवलं. २०१९ मध्ये न्यूकॅसलच्या केली आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. पॉलिस्टरच्या कापडातून तंतू कशामुळे सुटतात, हा प्रश्न. सगळ्यांचा अंदाज होता की जोरात घुसळण्यामुळे. निघालं असं की कापडाच्या मानाने पाणी किती आहे, हे जास्त महत्त्वाचं. नाजूक कपड्यांसाठी मशीनमध्ये जो ‘डेलिकेट’ पर्याय असतो त्यात पाणी भरपूर घेतात, आणि त्यातूनच तंतू जास्त सुटले. नाव नाजूक, काम आडदांड. चल सुटे सुटे करून तपासले की असं काहीतरी हाती लागतं. चार चौकटी का काढायच्या, त्याचं हे उत्तर.

आता दुसरी अडचण, माझ्या मते पहिलीपेक्षा मोठी. पेपर म्हणतो कपड्याचं आयुष्य वाढलं. मोजलं काय? गेलेला रंग, लागलेला रंग, सुटलेले तंतू. ‘आयुष्य’ मोजलेलं नाही. त्याच्याऐवजी या तीन गोष्टी धरल्यात. ही झाली कार्यात्मक व्याख्या, आणि ती ज्याची त्याने ठरवायची असते हे मान्य. पण ती वाचणाऱ्याने तपासायचीही असते.

तंतूंचं गणित करून बघू. २०२० मध्येच ‘प्लॉस वन’मध्ये लँट आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या घरातले खरे मळके कपडे धुऊन किती तंतू सुटतात ते मोजलं होतं. सरासरी आली एक किलो कपड्यांमागे ११४ मिलिग्रॅम. समुद्रात जाणाऱ्या तंतूंचा विचार केला तर आकडा मोठा, कारण घरं कोट्यवधी आहेत. पण एका कपड्याच्या दृष्टीने? एका धुण्यात वजनाच्या ०.०११४ टक्के. शंभर धुण्यांत सव्वा टक्क्याहूनही कमी. शंभर वेळा धुतलेला शर्ट सव्वा टक्का हलका झाला म्हणून कुणी टाकून देत नाही. तो टाकला जातो कॉलरची घडी फाटते म्हणून, बाही काखेत उसवते म्हणून. झीज सगळीकडे सारखी पसरत नाही, एका जागी साठते. मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे: कापड विरतं. विरणं हे वजनाच्या काट्यावर दिसत नाही, उजेडासमोर धरल्यावर दिसतं.

साडीचं बघा. नवी साडी घेतली की आधी फॉल-पिको करायला टाकतो. फॉल लावायचा कारण खालची कड टाचेशी, जमिनीशी घासून आधी जाते. म्हणजे कुठे झिजणार हे वापरणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे आणि त्यावर स्वस्तातल्या पट्टीचा उपायही आहे. या झिजेचा धुण्याशी संबंध थोडा, नेसण्याशी जास्त. मग ‘धुण्यामुळे आयुष्य कमी होतं’ असं म्हणताना वापरण्यामुळे होणारी झीज वेगळी कशी काढणार? लीड्सच्या प्रयोगात टी-शर्ट कुणी घालत नव्हतं, फक्त धुवत होते. तिथे हा प्रश्न उद्भवलाच नाही.

आणि आयुष्य संपतं कधी? रंग उडालेली साडी बाहेर नेसत नाहीत, घरात नेसतात. विरली की तिची गोधडी होते, नाहीतर बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेतात, आणि बोहारणीकडून ती पुन्हा बाजारात जाऊन कुणाच्या तरी अंगावर चढते. मग पायपुसणं. यातल्या कुठल्या टप्प्याला ‘संपलं’ म्हणायचं? नॉर्वेच्या लायताला आणि क्लेप यांनी २०२० मध्ये चीन, जर्मनी, जपान, ब्रिटन आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या कपाटांची पाहणी करून कपड्यांचं आयुष्य कशावर ठरतं हे तपासलं. मोलाचं काम आहे, जरूर वाचा. कारण ते कापडाबरोबर कापड वापरणाऱ्या माणसालाही मोजतं. पाचांत आपण नाही. पण ‘भारत नाही’ एवढं म्हणून थांबलात तर परत तीच जिल्ह्याची उणीव होईल. बोहारीण आणि गोधडी असलेल्या ठिकाणी ‘टाकून देणे’ या चलाचा अर्थच सरकतो, असं म्हणालात तर मुद्दा होतो.

कंपनीच्या पैशाबद्दल. मी वर ज्या तीन पेपरांची नावं घेतली, लीड्स, न्यूकॅसल आणि प्लॉस वन, त्या तिन्हींत नील लँट हे नाव आहे, आणि ते प्रॉक्टर अँड गॅम्बलचे. ‘कंपनीने केलं म्हणजे खोटं’ असं मुलाखतीत म्हणालात तर लगेच अडकाल, कारण पुढचा प्रश्न येईल: कुठला आकडा खोटा? तुमच्याकडे उत्तर नसेल. आकड्यांवर संशय घ्यायला मला कारण दिसत नाही. मला दिसतो तो प्रश्नांचा कल. तापमान बदलून बघितलं, वेळ बदलून बघितला, पाणी बदलून बघितलं. डिटर्जंट निम्मं केलं तर काय होतं? कपडा दोनदा घालून मग धुतला तर? कपडा टिकवण्याचा सगळ्यात सरळ उपाय कमी वेळा धुणं हा असू शकतो, आणि डिटर्जंट विकणाऱ्याला तो प्रश्न पहिला सुचणार नाही. पुरस्कर्त्याचा प्रभाव निष्कर्षात शोधण्याआधी न विचारलेल्या प्रश्नांत शोधा.

आता ब्रशकडे येते. कापडाचा रंग धुण्यात टिकतो का यासाठी आयएसओ १०५-सी०६ ही प्रमाण चाचणी आहे. दहा सेंटीमीटर बाय चार सेंटीमीटरचा तुकडा बंद डब्यात डिटर्जंटच्या पाण्यात, काही प्रकारांत बारीक पोलादी गोळ्यांबरोबर फिरवतात. एका प्रकाराने घरच्या एका धुण्याचा अंदाज येतो, दुसऱ्याने पाच धुण्यांपर्यंतचा. मग करड्या पट्टीवर १ ते ५ गुण. कापड घासून किती टिकतं यासाठी मार्टिनडेल यंत्र, ज्यात कोरडं कापड लोकरी कापडावर गोल गोल घासतात. आता आपलं धुणं आठवा. ओलं कापड, दगड किंवा फरशी, वर वडीचा साबण आणि प्लास्टिकचा ताठ ब्रश, तोही कॉलर आणि कफ या दोनच जागी. हे यातल्या कुठल्याच चाचणीत नाही.

त्यातही कापडागणिक फरक. सूत ओलं झालं की थोडं अधिक बळकट होतं, म्हणून घाटावर धोपाटण्याखाली सुती धोतरं टिकायची. रेयॉन ओलं झालं की निम्म्याच्या आसपास ताकद गमावतं. दुकानात मऊ सुती म्हणून हातात पडलेली कुर्ती रेयॉनची असेल आणि तुम्ही ती चादरीसारखी दोघांत धरून पिळलीत, तर ती तिच्या सगळ्यात अशक्त अवस्थेत पिळता आहात. रेशमाला खार सोसत नाही, आणि वडीचा साबण खारटच असतो. पाणी जड असलं तर आणखी भर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० आहे. बोअरच्या पाण्यावर धुणाऱ्या घरांना या दुसऱ्या आकड्याचा अनुभव असतो. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चोथा होतो. तो कापडात बसतो, कापड कडक आणि राखाडी पडतं, मग ते मळकं वाटतं, मग आणखी जोरात घासतात. इथे विरण्याचं कारण मळ की पाणी? चांगला प्रश्न आहे, घ्या कुणीतरी.

वाळवण्यावर हा पेपर काही सांगत नाही, त्याचा तो विषयच नाही. पण आपल्याकडे धुणं अर्ध्या तासाचं आणि वाळणं चार तासांचं, तेही उन्हात. उन्हाने रंग किती उडतो हे वेगळ्या चाचणीत मोजतात, निळ्या लोकरीच्या १ ते ८ पट्टीवर. धुण्याचे गुण वेगळे, उन्हाचे वेगळे, आणि दोन्हींची बेरीज सहसा कुणी करत नाही. आपला कपडा मात्र दर वेळी दोन्हींतून जातो, आणि उन्हात जातो तो ओला असताना. ओलाव्यात सुती कापडावरचे अनेक रंग प्रकाशाने लवकर उडतात. रंगीत कपडे उलटे करून सावलीत, पांढरे उन्हात, हे आजी सांगायच्या त्यामागे एवढं रसायनशास्त्र आहे. कोकणात जुलैमध्ये हा सल्ला चालत नाही. तिथे घरात दोरीवर तीन दिवस वाळलेल्या कपड्याला कुबट वास येतो आणि तो न घालताच परत धुवायला पडतो. म्हणजे वाळवण्याची सोय धुण्यांची संख्या वाढवते.

यातून घरी काय घ्यायचं असं विचाराल, तर एवढं नक्की घ्या: गडद कपडे रात्रभर भिजत टाकू नका, तास-अर्धा तास पुरे, ब्रश कॉलरपुरता आणि हलका, रेयॉन पिळू नका, नुसतं दाबून पाणी काढा, रंगीत कपडे उलटे करून सावलीत. यातलं पहिलं मी लीड्सच्या पेपरवरून ओढूनताणून काढतेय, तेव्हा त्याला ‘सिद्ध झाले आहे’ असं म्हणू नका.

आणि ज्यांना ती रिकामी चौकट भरायची आहे त्यांच्यासाठी. एकाच थानातून कापड घ्या, म्हणजे सूत आणि रंग सारखे राहतील. वेळेचे दोन स्तर, तापमानाचे दोन, आणि ब्रश आहे-नाही. झाले आठ गट. रंगाबरोबर ताण सहन करण्याची ताकदही मोजा, आणि ती जिथे घासलं तिथलीच मोजा. अवघड भाग वेगळाच आहे: हात प्रमाणित कसा करायचा? मशीनला बटण असतं, माणसाला नसतं. मी सध्या धुण्याच्या पाटाखाली वजनकाटा ठेवून ब्रशचा दाब किलोत वाचते आहे. सगळे तुकडे एकाच व्यक्तीने धुवायचे, हे ठरलं. पण तिसऱ्या बादलीपर्यंत तिचा हात दुखायला लागतो आणि काट्यावरचा आकडा खाली येतो, म्हणून कुठला गट कधी धुवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं, दर दिवशी नव्याने, आणि एका दिवसात दोन बादल्यांच्या वर जाता येत नाही.